बासेची विधवा

कामेंका, ११ एप्रिल १९९४

प्रिय एतेला मावशी,

आईनं फोडलीच असेल बातमी, तरी मला स्वतःच्या हातानं लिहायची होती. मला नोकरी लागली! कामेंका नगरपालिकेची सांस्कृतिक अधिकारी. जूनअखेरपर्यंत परीक्षेचा काळ, काम पसंत पडलं तर पुढे कायम. आईनं माझं पदवीपत्र चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत माता मारियेच्या तसबिरीशेजारी टांगलंय. बाबा ट्रॅक्टरवरून उतरून आत आले की तिथं थांबून टोपी काढतात. दोघींपैकी कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही.

मावशी, कामेंका आणि तुमची व्हर्बिना यांच्यामध्ये एक टेकडी आहे, एवढंच लहानपणापासून ठाऊक होतं. आता टेकडीवर चौकी आहे, आणि आई तुझ्याकडे कोबीची रोपं आणायला निघाली की पासपोर्ट शोधते. देशाचे दोन देश करायचे हे वरच्यांनी ठरवलं. आपल्याला कुणी विचारलं नाही. पण माणसांना पुन्हा एका बाकावर बसवणं आपल्या हातात आहे, आणि संस्कृती त्यासाठीच असते असं मला मनापासून वाटतं.

म्हणून १८ जूनला, शनिवारी, टेकडीवर, चौकीच्या अगदी शेजारी, आम्ही 'चेक-स्लोव्हाक परस्परस्नेह दिन' करतोय. प्राहाहून एक उपसचिव येणार, ब्रातिस्लाव्हाहून एक. नगराध्यक्ष कूबिश यांना मुख्य कार्यक्रम असा हवा होता, जो दोन्ही बाजूंचा असेल. मी लगेच म्हटलं, बासेचं दफन! माझा पदवीचा प्रबंधच त्यावर आहे. कार्यपत्रिकेत मी असं लिहिलंय, बघ बरं जमलंय का:

"ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री टेकडीच्या दोन्ही अंगांचे गावकरी बासेला, म्हणजे आपल्या माणसापेक्षा उंच तंतुवाद्याला, शिडीवर झोपवतात. तिच्यावर पांढरी चादर घालतात. खोटा पाद्री गावाची वर्षभराची पापं वाचतो, बासेची विधवा ओक्साबोक्शी रडते, आणि वर मूठभर माती पडली की ईस्टरपर्यंत गाणंबजावणं बंद."

फेब्रुवारीत इथं गुडघाभर चिखल असतो, पाहुणे येणार नाहीत. म्हणून जून. विधवा तूच व्हायचं. वीस वर्षं तू जशी रडतेस तसं दुसरं कुणी रडत नाही. नाही म्हणू नकोस.

तुझी,
दाना

•

व्हर्बिना, २५ एप्रिल १९९४

लाडके दाना,

तुझं पत्र आज मिळालं. टेकडी चढून उतरायला मला दोन तास लागतात, गुडघा धरून. पत्र मात्र आधी प्राहाला गेलं, मग ब्रातिस्लाव्हाला, आणि दोन राजधान्या बघून आलं. माझ्यापेक्षा जास्त फिरलंय बिचारं.

नोकरीबद्दल शाबास. आपल्या घरात तुझ्याआधी कुणी शाईनं सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. परस्परस्नेह म्हणजे काय, ते ओंद्रेयला विचारलं. तो म्हणाला, "शेजाऱ्याकडे शिडी मागायला जावं, आणि त्यानं 'मागच्या वेळची परत केलीस का' असं विचारू नये, तो परस्परस्नेह."

आता ओंद्रेयवरून सांगते, बसून वाच. मी लग्न करतेय. हो, एकसष्टाव्या वर्षी. ओंद्रेयशीच, दुसरा कोण धजावतोय. छप्पर दुरुस्त करायला म्हणून यायचा. छप्पर कधीच झालं, तरी यायचा राहिला नाही. ९ जुलैला चर्चमध्ये, मग सभागृहात जेवण, आणि मग वाजंत्री. ताफ्याच्या म्होरक्याचं, यूराचं, व्हायोलिन, काठ्यांनी वाजवायचं सिंबलम, आणि नवरदेव स्वतः बासेवर. पहिलं गाणं त्यानं माझ्यासाठी वाजवायचं, मग धनुकली पुतण्याच्या हातात देऊन माझ्याबरोबर नाचायला यायचं, असं ठरलंय.

तुला हसू येत असेल. पण माझं पहिलं लग्न झालं सत्तावन्न साली, कापणीच्या दिवसांत. लग्नाच्या सकाळी जिल्ह्याहून सांस्कृतिक अधिकारी आला. म्हणाला, कापणी यंत्रांवरच्या कामगारांचा उत्साह वाढायला हवा. आणि माझी वाजंत्री उचलून शेतात घेऊन गेला. आम्ही सभागृहात कोबीचं सूप प्यायलो, आणि चमचे ऐकले. तुझे काका, देव त्यांना शांती देवो, म्हणाले, "नाचू नंतर कधीतरी." तो नंतर आलाच नाही. तो अधिकारीही मनानं फार चांगला होता, दाना. डोळ्यांत पाणी आणून बोलायचा.

तर बासेचं. तिला जूनमध्ये पुरू नकोस. एकदा माती पडली की ही माणसं ईस्टरपर्यंत तारेला बोट लावत नाहीत. बासा ओंद्रेयच्या माळ्यावर भिंतीकडे तोंड करून उभी राहते. यूराला तू ओळखतेस. त्याला पंचांग विचारू नकोस, तो मातीला विचारतो. आणि ईस्टर आता पुढच्या वर्षी.

दफन मोडतं एकाच गोष्टीनं: माती पडायच्या आत विधवा हसली तर. मग ती मेलेलीच नव्हती असं धरतात, आणि वाजवणं सुरू राहतं. एकाहत्तर साली माझ्याआधीची विधवा हसली होती. तिनं स्वतः सांगूनही यूरानं मानलं नाही. विधवेची साक्ष चालत नाही, म्हणाला, जवळ उभ्या असलेल्यानं सांगायला हवं. तेव्हा मेणबत्ती धरणाऱ्यानं सांगितलं, आणि उपवासाचे चाळीस दिवस गाव नाचत होतं. पाद्री आजारी पडला.

दुसरं काहीतरी कर. जूनमध्ये डुक्कर काप. फक्त वास येईल.

तुझी,
एतेला मावशी

•

कामेंका, ७ मे १९९४

प्रिय मावशी,

अभिनंदन! मी पत्र वाचून टेबलावरून उठून नाचले, आणि शेजारच्या जन्ममृत्यू विभागातल्या बाईंनी दार उघडून बघितलं. मी ९ जुलैला येणारच, आणि तुझ्या केसांत रोझमेरी मीच माळणार.

बासेची मात्र तू काळजी करू नकोस. मी हा मुद्दा बैठकीत मांडला. ठराव झालाय: १८ जूनचं दफन हे 'सादरीकरण' समजलं जावं. शिवाय वाजवण्यावरची बंदी युद्धानंतर केवळ प्रतीकात्मक उरली आहे, हे मी प्रबंधात सिद्धच केलं आहे. माझा मुख्य माहितीदाता स्वतः ओंद्रेयकाका होते! "आता कोण पाळतं एवढं," असे त्यांचे शब्द आहेत, तळटीपेत.

इथल्या अडचणी वेगळ्याच आहेत. प्राहाचं म्हणणं, बासा आमच्या मोराव्हियाची आहे असं कार्यपत्रिकेत यावं. ब्रातिस्लाव्हाचं म्हणणं, ती स्लोव्हाक आहे आणि मोराव्हियात फक्त वाजवली जाते. तीन पत्रं झाल्यावर ती 'सीमेवरची' ठरली. मग शिडी कुणाची, हा प्रश्न आला. एकच शिडी दोन देशांत कशी ठेवायची? आम्ही ती सीमारेषेवर आडवी ठेवणार. डोकं तुमच्याकडे, पाय आमच्याकडे. यावर तुमचे उपसचिव खूश आहेत, आमच्यांना अजून कळवलेलं नाही.

पापं वाचण्याचं काम नगराध्यक्षांनी स्वतःकडे घेतलंय. पण पाहुण्यांपुढे पापं बरी दिसणार नाहीत, म्हणून त्यांच्याऐवजी गावाची वर्षभराची कामं वाचायची असं ठरलं. मी आधी विरोध केला. मग वाटलं, निदान वाचन तरी होतंय.

संध्याकाळी यूराकाकांच्या ताफ्याचा मोठा कार्यक्रम आहे. तेव्हा बासा वाजणारच! मग तुझ्या लग्नात का नाही वाजणार?

तुझी,
दाना

•

व्हर्बिना, १९ मे १९९४

दाना,

पत्र वाचून ओंद्रेयला समोर बसवला. "तू पोरीला काय सांगितलंस?" म्हटलं. टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "ती खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन आली होती. तीनदा तेच विचारत होती. तिला जे हवं होतं ते दिलं. पाहुणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?" तर तुझ्या तळटीपेत माझ्या नवऱ्याचं कोलाच्यांवरचं प्रेम आहे, एवढं लक्षात ठेव. त्याला मी बोलणार होते ते बोलून झालंय, तू काही बोलू नकोस.

शिडीचं वाचून तो म्हणाला, देशाची भांडीकुंडी वाटली तेव्हा दोन वाटे त्यांना आणि एक आपल्याला असा हिशेब होता. बासेला चार तारा, तेव्हा हे कसं बसवणार ते बघायला मी येतो.

मी एक तोड काढलीय. सुताराकडून प्लायवुडची बासा करून घे. रंग द्या, दोन दोऱ्या ओढा. उपसचिवांना काय कळतंय? तिला पुरा, तिच्यावर भाषणं करा, तिला डोकं आणि पाय वाटून द्या. खरी बासा बाजूला झाडाखाली बसून बघेल. माती तिच्यावर पडली नाही तर यूराला काही म्हणायला जागा नाही. मी विचारलंय त्याला. "लाकूड पुरताय ना," म्हणाला, "खुशाल पुरा."

हे एवढं कर माझ्यासाठी. मी तुझ्याकडे आजवर कोबीची रोपंसुद्धा मोजून मागितलेली नाहीत.

मावशी

•

कामेंका, १ जून १९९४

प्रिय मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहितेय.

प्लायवुडचं मला जमणार नाही. नगराध्यक्षांमुळे नाही; त्यांना चालेल, ते म्हणाले की प्लायवुड हलकं पडेल. मलाच जमणार नाही. मी शिकले ती एवढ्यासाठीच, की आपल्या लोकांचं जे खरं आहे ते खरं म्हणून लोकांपुढे ठेवावं. आजवर आपल्या सणांची फक्त सोंगं झाली. वरून माणसं यायची, आपल्याला कपडे घालून उभं करायची, आणि टाळ्या वाजवून जायची. मीच जर लाकडाची बासा पुरली, तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

आणि यूराकाकांचं मी स्वतः पक्कं केलंय. नगराध्यक्षांच्या कार्यालयात त्यांना बोलावलं. "संध्याकाळी स्टेजवर बसणार ना?" असं नगराध्यक्षांनी विचारलं. काका म्हणाले, "बसणार." मी तिथंच होते. तेव्हा मनातून शंका काढून टाक.

एक विनंती आहे. कशी करू कळत नाही. तू हसू नकोस. नगराध्यक्षांचं भाषण लांब आहे, आणि ते मी वाचलंय. त्यात सांडपाणी प्रकल्प आहे. मध्येच तू हसलीस तर दफन मोडेल, दोन्ही उपसचिवांसमोर नगराध्यक्षांचं हसं होईल, आणि माझा परीक्षेचा काळ त्या दिवशीच संपेल. बाबा रोज टोपी काढतात गं. फक्त माती पडेपर्यंत. मी तुझ्या शेजारीच मेणबत्ती धरून उभी असेन.

तुझी,
दाना

•

कामेंका, २१ जून १९९४

प्रिय मावशी,

हे पत्र पोस्टात न टाकता बसचालकाच्या हाती देतेय. सगळं मनातून कागदावर उतरायलाच तीन दिवस गेले.

तू निघून गेलीस, आपण बोललोच नाही. आधी हे सांगते: तू अशी रडलीस की माझ्या हातातली मेणबत्ती हलत होती. मोठा रुमाल तोंडावर, खांदे गदगदतायत. नगराध्यक्ष "सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यास" असं म्हणाले, तेव्हा तर तुझ्या तोंडून असा काही आवाज निघाला, की प्राहाच्या उपसचिवांनी चष्मा काढून पुसला. मला म्हणाले, "या लोकांच्या भावना किती अस्सल आहेत." दोन्ही उपसचिवांनी एकाच क्षणी माती टाकली. कुणी आधी टाकायची यावर एक अख्खा आठवडा गेला होता, पण ते जमलं. मला वाटलं, जगात आता काहीही जमेल.

मग संध्याकाळ. तू तोपर्यंत गेली होतीस, तेव्हा ऐक. ताफा स्टेजवर आला आणि बसला. वाद्यं मांडीवर. ओंद्रेयकाका मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून. निवेदिकेनं नाव पुकारलं. काही नाही. नगराध्यक्ष स्टेजच्या कडेला गेले.

"यूरा, वाजव की!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कार्यक्रम आहे!"

"मघाशी माती घातलीत ना?"

"अरे, ते सादरीकरण होतं! ठराव आहे!"

"ठराव मी वाचला नाही. माती बघितली."

"तूच म्हणालास स्टेजवर बसेन म्हणून!"

"मग बसलोय की."

ब्रातिस्लाव्हाच्या उपसचिवांना वाटलं, हा दिवंगत बासेसाठीचा मौनाचा भाग आहे. ते उभे राहिले. मग प्राहाचे उभे राहिले, मागे पडायला नको म्हणून. मग सगळी टेकडी उभी राहिली. कुणाला कधी बसायचं ते कळेना. शेवटी कुणीतरी आमचं राष्ट्रगीत सुरू केलं, वाद्यांशिवायच. ते संपलं, आणि मावशी, कुणी थांबलंच नाही. जुन्या सवयीनं सगळे तसेच पुढे तुमच्या राष्ट्रगीतात शिरले, जसं एक देश असताना शिरायचे. दोन्हीकडचे दोन्ही गायले. चौकीवरचा शिपाईसुद्धा. साऱ्या दिवसात परस्परस्नेह झाला तो तेवढाच, आणि तो कार्यपत्रिकेत नव्हता.

नगराध्यक्ष खूश आहेत. पाहुण्यांना मौन फार आवडलं.

काल यूराकाका कार्यालयात आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, "मेणबत्ती तू धरली होतीस. खरं सांग, विधवा हसली का?" मी अभिमानानं सांगितलं, "एक क्षणसुद्धा नाही. इतकं खरं रडणं मी आयुष्यात पाहिलं नाही." "नक्की?" म्हणाले. मी म्हटलं, "शपथेवर सांगते." मग ते गेले.

आता तुझ्या लग्नाचं. यूराकाका ऐकत नाहीत हे मला दिसलं. पण मी हातावर हात ठेवून बसणार नाही. 'बासेस पुन्हा वाद्याचा दर्जा देण्याबाबत' असा अर्ज मी लिहिलाय, नक्कल सोबत आहे, नगराध्यक्ष सही करतील.

तुझी,
दाना

•

व्हर्बिना, २४ जून १९९४

दाना,

तुझा अर्ज बसचालकानं यूराला वाचून दाखवला. यूरा म्हणाला, नगरपालिकेला पुरता येतं एवढं बघितलं. उठवताही येतं हे ज्या दिवशी बघेन त्या दिवशी कर भरीन.

तुला ओरडायचं ठरवून बसले होते. पण ओंद्रेय समोर लग्नाचे बूट घासतोय, त्याच्यासमोर नको.

पोरी, तुझ्याएवढं शिकलेलं माणूस माझ्या ओळखीचं दुसरं नाही. तरी तुला कुणी काय विचारतंय हे कळत नाही. यूरा सत्तर वर्षांचा आहे. गुडघ्यानं अधू, त्या तुमच्या नगरपालिकेच्या जिन्यानं दोन मजले चढून आला. त्याला उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून आला असं वाटतं तुला? त्याच्या आदल्या रात्री ओंद्रेयच्या घरी चौघं बसले होते. यूरानंच विचारलं, एतेला हसली असेल का. मी म्हटलं, मला विचारू नका, माझी साक्ष चालत नाही, जवळ उभी होती तिला विचारा. सगळे एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, झालं तर मग. सिंबलमवाल्यानं तर तारा जुळवायला घेतल्या. आणि तू त्याला शपथेवर सांगितलंस.

खरं काय घडलं, तेही सांगते. तुझं पत्र मी खिशात ठेवलं होतं. "फक्त माती पडेपर्यंत." सांडपाणी आलं तेव्हा जीभ दातांखाली धरली. दुसरा टप्पा आला तेव्हा रुमाल तोंडात कोंबला. हसले असते तर लग्नात नाचले असते, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. शेजारी तुझी मेणबत्ती थरथरताना दिसत होती. तुझे बाबा मागच्या रांगेत टोपी हातात घेऊन उभे होते, कडक उन्हात.

मग रडू आलं, ते खरंच आलं. चमचे ऐकू आले.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. ९ तारखेला ये. रोझमेरी आण. जेवण चांगलं आहे. ओंद्रेय म्हणतो, ईस्टरपर्यंत थांबू. मी म्हटलं, सदतीस वर्षं थांबले, आता चर्चमध्ये तरी वेळेवर जाऊ.

मावशी

•

कामेंका, २ जुलै १९९४

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर फायली लावल्या. मग शाळेनं केलेलं चित्रीकरण मागवून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. रुमाल आहे. खांदे हलतायत. तो आवाज आहे. त्यावरून काहीही म्हणता येतं, आणि काहीही म्हणता येत नाही. संशोधक म्हणून मी त्याखाली 'अनिश्चित' असं लिहिलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी मी खानावळीत गेले. यूराकाका कोपऱ्यात बिअर घेऊन बसले होते. नगराध्यक्ष पलीकडच्या टेबलावर पत्ते खेळत होते. ते तिथं नसते तर मला सोपं गेलं असतं. पण काकांना एकट्यांना कानात सांगून उपयोग नव्हता, ते मला आता कळतं. दोन्ही गावांना ऐकू जायला हवं होतं.

मी म्हटलं, "यूराकाका, मला माझी साक्ष दुरुस्त करायची आहे."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कोणती साक्ष?"

"विधवा हसली होती."

पलीकडे पत्ता टाकायचा तो हातातच राहिला.

"शपथेवर नाही म्हणाली होतीस."

"मला नोकरीची भीती वाटत होती. मी मेणबत्ती धरून शेजारी उभी होते. रुमालाच्या आत ती हसत होती."

"कधी? माती पडायच्या आधी की नंतर?"

"बरंच आधी."

"कुठल्या ठिकाणी?" हे काकांनी विचारलं नाही, नगराध्यक्षांनी विचारलं, उभं राहून, माझं पूर्ण नाव घेऊन. "नेमकं कुठल्या ठिकाणी, कुमारी बोहदाना?"

मावशी, मला प्राध्यापकांनीसुद्धा कधी इतकं घाबरवलं नव्हतं. मी म्हटलं, "'सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यास' या ठिकाणी."

आधी मागून एक जण फुटला. मग नगराध्यक्षांच्या समोर पत्ते खेळणारा, त्यांचा स्वतःचा मेहुणा, टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मग सगळेच. त्या दिवशी टेकडीवर सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं, असं वाटलं. नगराध्यक्ष टोपी घेऊन निघून गेले.

यूराकाका हसले नाहीत. त्यांनी ग्लास संपवला, मिशी पुसली, आणि म्हणाले, "म्हणजे मेलीच नव्हती. आणि आम्ही पाहुण्यांसमोर उगाच हात बांधून बसलो. ओंद्रेयला कळवा, तिला माळ्यावरून खाली आण म्हणावं. जुलैतल्या उकाड्यात लाकूड तडकतं."

तीस तारखेला मला लिफाफा मिळाला. परीक्षेचा काळ 'असमाधानकारक'. कारण असं दिलंय, की मुख्य कार्यक्रम पारंपरिक निकषांनुसार अवैध ठरला. हे निकष त्यांनी माझ्याच प्रबंधातून घेतलेत. आमच्या नगरपालिकेत माझा प्रबंध कुणी वाचला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आई रडली. मग म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि घरातली पहिली काढून टाकलेली. आमच्यात कुणाला काढावं इतकं वरचं काम मिळालंच नव्हतं." बाबा बाहेरून आले, तसबिरींसमोर उभे राहिले, टोपी काढली. मी यावेळी विचारलं. "बाबा, आता कुणासाठी?" ते म्हणाले, "यूरानं सांगितलं मला," आणि हात धुवायला गेले.

मी खोटं बोलले की नाही, ते मला ठाऊक नाही. तू मला सांगू नकोस.

रोझमेरी कापून ओल्या फडक्यात ठेवलीय.

तुझी,
दाना

•

व्हर्बिना, १३ जुलै १९९४

लाडके दाना,

लग्नात तुझ्याशी चार शब्द बोलायला मिळाले नाहीत, म्हणून लिहितेय. वेळ नव्हता. नाचत होते.

तू पाहिलंसच, तरी सांगते, मला सांगायचंय. ओंद्रेयनं पहिलं गाणं वाजवलं तेव्हा त्याची धनुकली दोनदा घसरली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात न चुकता वाजवणारा माणूस! मग पुतण्याच्या हाती बासा देऊन आला आणि माझ्या नव्या बुटावर पाय दिला. तुझी आई खुर्चीवर उभी राहून गात होती. सूप कधी वाढलं, मला कळलंही नाही. चमचे वाजले असतील, ऐकू आले नाहीत.

तुमच्या नगराध्यक्षांचा मेहुणा बोलावलेला नसताना आला होता. प्रत्येक गाण्यानंतर "दुसऱ्या टप्प्यास!" म्हणून ग्लास उंचवायचा. आता दोन्ही गावांत ग्लास उंचावताना तसंच म्हणतात. बघ, तुझ्या स्नेहदिनानं काहीतरी दोन्हीकडचं करून ठेवलंच.

तू म्हणालीस सांगू नकोस, म्हणून सांगत नाही. फक्त एवढंच: परवा रात्री झोपताना मला ते भाषण पुन्हा आठवलं, आणि मी इतकी हसले, की ओंद्रेयनं दिवा लावला. यूराला विचारलं, एवढ्या उशिरानं हसलेलं धरतात का. म्हणाला, विधवेची साक्ष चालत नाही, तू गप्प बस.

नोकरीचं म्हणशील, तर आमच्या शाळेला सप्टेंबरपासून इतिहासाची बाई हवीय. टेकडी रोज ओलांडावी लागेल, पासपोर्ट दाखवून. चौकीवरचा शिपाई तुला ओळखतो, तो दोन्ही राष्ट्रगीतं गायलेला आहे.

आणि एक. पुढच्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, चिखलात, रात्री, उपसचिवांशिवाय, बासेला पुरायचंय. पापं यूरा वाचणार आहे, आणि तुझं पहिलं येणार आहे, तयार राहा. मी नवऱ्याची झाले, आता मला विधवा होता येत नाही. ताफ्यानं नाव ठरवलंय. तू होणार.

रडायचं कसं ते मी शिकवीन. रुमाल मोठा आण.

तुझी,
एतेला मावशी